निकेतचा डावा पंख

चौल,
सोमवार, दुपार

ती. स्व. विनेशदादास,
हर्षदचा वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? हेतलवहिनींनी दिलेलं तेल लावत जा आणि विमान उडवायला सलग तीन तास बसू नकोस. इकडे आम्ही खुशाल आहोत. म्हणजे कल्पिता खुशाल आहे. मी जळतो आहे, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही.

तूच आठव. दिवाळीत तू पनवेलहून जुनी जॉयस्टिक पाठवलीस ती माझ्यासाठी, माझ्या बायकोसाठी नव्हे. महायुद्धातली विमानं संगणकावर उडवायचा नाद माझा. व्हिडिओ मी पाहिले, वहीत आकडेमोड मी केली. आठशे मीटरवर आडव्या जाणाऱ्या विमानापर्यंत गोळी पोचायला सव्वा सेकंद लागतो, तेवढ्यात ते पावणेदोनशे मीटर पुढे गेलेलं असतं, म्हणून नेम त्याच्या नाकापुढच्या रिकाम्या आभाळात धरायचा, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. नेमासाठी मी पडद्यावर कल्पिताच्या टिकल्यासुद्धा चिकटवल्या. (लाल चारशे मीटरची, हिरवी सहाशेची, खड्यांची आठशेची. खड्यांची टिकली ती रेवदंड्याला हळदीकुंकवाला जाताना काढून लावून गेली आणि त्या दिवशी मी आपल्याच गटातल्या रितेशला पाडलं. तो अजून माझ्याशी बोलत नाही.)

कल्पिता मागे बसून सुपारी सोलायची आणि माझी प्रत्येक गोळी कुठे गेली ते सांगायची. शेवटी तिची जिरावी म्हणून मी जॉयस्टिक तिच्या हाती दिली. तिनं चार सेकंद नुसतं बघितलं, एकदाच बोट दाबलं, आणि समोरून जाणारं विमान स्वतःहून तिच्या गोळ्यांत शिरलं. कसं जमलं विचारलं तर म्हणते, दिवेआगरला माहेरच्या वाडीत लहानपणी नारळांवरची वानरं गलोलीनं हाकलायची सवय आहे. "वानराला मारायचं न्हाय. त्ये ज्या झावळीवर जानार हाय, तिला मारायचं." माझी अख्खी वही तिनं दोन वाक्यांत गुंडाळली.

आता रविवारच्या लढतीत तू तिला पुढे ठेवतोस आणि मला तिची शेपूट राखायला मागे. हेडफोनमध्ये 'शाब्बास कल्पिता' ऐकून माझे कान किटले. मला तू आजवर एकदाच नावानं हाक मारलीस, ती माईक बंद कर म्हणून सांगायला.

तेही मी गिळलं असतं. पण समोरच्या गटातला तो निकेत, कुठला कोण, त्याचं काय? घावन घालता घालता ती सांगते, निकेत उजवीकडे वळायच्या आधी डावा पंख किंचित हलवतो, घाबरला की खाली जातो, पाठीवर सूर्य घ्यायला त्याला आवडतं. चौदा वर्षं मी या घरात वावरतो आहे. नवा सदरा घातला तर तिसऱ्या दिवशी विचारते, हा कधी घेतलात. आणि न पाहिलेल्या माणसाचा डावा पंख तिला पाठ आहे. मला फार वाईट वाटतं, दादा.

तेव्हा या पत्रानं मी गटाचा राजीनामा देत आहे. कोणी मनधरणी करू नये. वहिनींना नमस्कार.

तुझा,
हर्षद

ता. क. राजीनाम्याचं कोणाला बोलू नकोस. येत्या रविवारी फक्त एवढं कर, निकेतला आपल्याकडे घे आणि मला त्याच्या जागी समोरच्या गटात घाल. चार सेकंद का होईना, तिनं माझ्याकडे तसं बघावं.

आणखी ता. क. कोणतं विमान माझं ते तिला कळू देऊ नकोस, असं लिहिणार होतो. पण सांगच. म्हणजे तिचा नेम चुकला, तर मुद्दाम चुकवला असं मला मानता येईल.