दाताचा दोरा

३ नोव्हेंबर, सोमवार

दाढ काढायला गेलो आणि दोरा घेऊन आलो!

बुलडाण्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या मुलीएवढ्या. तोंडात आरसा घातला, दाढेवर टकटक केलं. म्हणाल्या, "काका, दाढ वाचेल. पण फटींमध्ये काय काय साठवलंय! ब्रश तिथं पोचत नाही. रोज दोरा फिरवा." एका डबीतून हातभर दोरा काढला, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळला आणि दाखवलं – दाताच्या कडेला बिलगून हळू खाली-वर. हिरडीवर करवत चालवायची नाही.

मी म्हणालो, "मॅडम, तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. खिशात आगपेटी कायम. काडीनं भागत नाही का?"

"त्या काडीनंच हिरड्या टोचून घेतल्यात." मग आवाज बारीक करून – "आणि वासही तिथूनच येतो, काका."

वास! माह्या तोंडाले!

आमच्या धाड गावी परत येईपर्यंत बसमध्ये तोंड मिटून बसलो. आता उलगडा झाला. चार-पाच महिने झाले, माझी बायको वच्छला माझ्याशी बोलताना तोंडावर पदर धरते. ताट वाढते आणि स्वतः चुलीकडे तोंड करून जेवते. मी समजत होतो, रिटायर होऊन घरात बसलो म्हणून वैतागली!

४ नोव्हेंबर

दोरा दाढेत अडकून तुटला. वच्छलासमोर अब्रू नको, म्हणून लोंबत्या दोऱ्यासकट शेजारी पुंजाजीकडे पळालो. तो अंगणात मिरच्या निवडत होता.

"काऊन बे कारभारी, तोंडातून पतंग उडवून राह्यला का?"

त्यानं पायातले काटे काढायच्या चिमट्यानं ओढून काढला. चिमटा धुतला होता का, विचारायचं राहिलं.

५ नोव्हेंबर

आज नीट जमलं. मग काय दुर्बुद्धी झाली – दोरा नाकाशी धरला.

अरे देवा!! बिचारी वच्छला.

७ नोव्हेंबर

रक्त आलं. घाबरून फोन केला. बाई म्हणाल्या, "सुजलेल्या हिरडीतून सुरुवातीला येतं. हात हलका ठेवा, पण सोडू नका. आठवड्याभरात थांबलं नाही तर या."

सोडतो कशाला? इथं संसाराचा प्रश्न आहे.

१० नोव्हेंबर

पुंजाजी पारावर सगळ्यांसमोर म्हणाला, "आमी सेफ्टी पिननं कोरतो, काही होत नाही आमाले." मी त्याला घरी नेलं, हातभर दोरा दिला, शिकवलं. आणि मग म्हणालो, आता हुंग!

पुंजाजीनं हुंगला आणि दोरा हातभर लांब धरला. मग हळूच – "डबी कुठी भेटते?"

१५ नोव्हेंबर

रक्त बंद. पुंजाजीच्या तोंडावर फुंकर मारून तपासणी करून घेतली. "पास," म्हणाला.

लगेच वच्छलाजवळ जाऊन बसलो. ज्यानं श्वास बाहेर पडेल असेच शब्द निवडले – "हळद संपली का? हिंग हाय का? हरभरा भिजवला का?"

पदर तोंडावर. "सरका तिकडं. येड लागलं का तुमाले?" आणि उठून गेली.

बारा दिवसांची मेहनत पाण्यात!

१९ नोव्हेंबर

आज बाजारातून पेरू आणले. वच्छलाला जीव की प्राण – लग्नानंतर मळ्यात झाडाखाली बसून कच्चेसुद्धा कराकरा खायची. आज हातात घेतला, फिरवून पाहिला, परत ठेवला. "तुमीच खा."

मी चिडवलं, "माह्या तोंडाच्या वासानं पेरूही बाटला का?"

ती बघतच राहिली. "कोणता वास? मले तं कधी नाही आला."

"मग पदर काऊन धरते?"

ती खाली बसली आणि पदर काढला. खालचे पुढचे दोन दात पुढं कललेले. हिरड्या सुजून लालभडक.

"वास माह्याच तोंडाले येते. चूळ भरली का रगत येते. तुमाले किळस येईन म्हून..."

पाच महिने! पेरू खाता येत नाही हेसुद्धा बोलली नाही. आणि मी 'हळद, हिंग' करत तिच्या तोंडापाशी गेलो होतो. म्हणालो, "उद्या सकाळच्या गाडीनं बुलडाणा."

"मी परक्या माणसाले दात दाखवत बसू का?"

"बाई हाय डॉक्टर."

"मंग चालते."

२० नोव्हेंबर

बाईंनी तिचं तोंड बराच वेळ पाहिलं. दात साफ करून बघू, टिकतील कदाचित, म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "काका, इतक्या हिरड्या सुजल्यात – काकूंची साखर कधी तपासली होती?"

कधीच नाही. तपासणीला रक्त देऊन आलो.

२१ नोव्हेंबर

साखर तीनशे बारा. साखरेचे मोठे डॉक्टर म्हणाले, "अजून वर्ष गेलं असतं तर डोळे..." आणि वाक्य अर्ध्यावर सोडून गोळ्या लिहिल्या. बाहेर स्टँडवर वच्छला म्हणाली, "एक शेवटचा गोड चहा तरी पाजा." पाजला नाही. दोघांनी बिनसाखरेचा घेतला. पहिल्या घोटाला तिनं असं तोंड वाकडं केलं की मी हसलो – मग तीही. भर स्टँडवर, पदर खांद्यावरच, दोन्ही हातांत कप धरून.