विहिरीजवळचं अंजीर

फाटक उघडू नका, बाहेरूनच वाचा. घरात उंदीर पडलेत.

तुम्ही शुक्रवारी मनमाडहून येणार होतात, आला नाहीत. इकडे तुमच्या अंजिराच्या रोपांचं पार्सल येऊन पडलं. मुळं नुसती उघडी, मातीचा कण नाही, वर ओलं गोणपाट तेवढं. सुकली असती तर मलाच बोल लावला असता तुम्ही. म्हणून मीच कुदळ घेतली आणि परसात खड्डे खणले.

पेंडीच्या पोत्यामागे एक मेलेला उंदीर दिसला. मला वाटलं, मांजराचं काम. झाडाच्या बुडाशी मेलेलं काही पुरलं की फळं गोड होतात, हे तुमचंच नेहमीचं सांगणं. शेपटीला धरून टाकला विहिरीजवळच्या खड्ड्यात, वर रोप ठेवलं आणि हातांनीच माती लोटली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आणखी तीन पडलेले दिसले, तेव्हा कळलं, हे मांजराचं काम नव्हे.

सरोजिनीला मोटारीने सटाण्याला मामाकडे धाडलं. निघताना मी तिला जवळ घेतलं नाही. रुसून गेली आहे, तिची समजूत घाला.

मी आळीतल्या सगळ्यांबरोबर माळावर झोपडीत आहे. तुम्ही आधी प्लेगची सुई टोचून घ्या, मगच तिकडे या, आणि लांबूनच हाक मारा. विहिरीजवळच्या अंजिराला पाणी घालायला जाऊ नका. वाळलं तर वाळू दे.

काखेत सकाळपासून ठणकतंय. कुदळीची सवय नाही ना मला, त्यानेच असेल.

श्यामला