तुझी दाढ, माझी जीभ

बाथरूमला जाऊन येते म्हणून खुर्चीतून उठलेलं माणूस बाथरूमला जातं. बस पकडून स्वतःच्या घरी जात नाही. तेही गळ्यात दवाखान्याचा कागदी रुमाल तसाच लटकवून आणि अर्धं तोंड बधिर असताना! (कंडक्टरला गावाचं नाव कसं सांगितलंस, ते मात्र ऐकायचंय मला.) फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. माझं शिक्षण तुला ठाऊक आहे, तेव्हा काना-मात्रा तुझ्या तू लावून घे.

धाकटे, अनेक आशीर्वाद. गुडघे कसे आहेत? झोप लागते का? दाढेचं विचारत नाही, तिची खबर माझ्याकडे आहे. ती अर्धी कोरलेली आहे, वरून तात्पुरतं सिमेंट लावलंय, आणि ती पुरी झाल्याशिवाय आमच्या दातवालीला तिचे डेंटल कॉलेजातले सर परीक्षेला बसू देणार नाहीत. म्हणजे माझ्या नातीचं अख्खं वर्ष तू गालात घेऊन फिरतेयस.

तू सगळ्या नातेवाइकांत सांगत सुटलीस की पोरगी कपाटाआड जाऊन फोनवर व्हिडिओ बघते आणि मग माझ्या दाढेत सुई घालते. बघते. मग? एका खुर्चीभोवती पोरांचा घोळका, पुढच्यांना दाढ दिसते, मागच्यांना सरांचं कोपर. आमची बुटकी, माझ्यावर गेलीय, तेव्हा तिच्या वाट्याला कायम कोपर. सरच सांगतात, घरून व्हिडिओ बघून या. मीही तिच्याशेजारी बसून बघितले. एक डॉक्टर दाढ कमी आणि मनगटावरचं घड्याळ जास्त दाखवतो. दुसरा कुठल्या देशाचा कोण जाणे, आवाज बंद करून नुसते हात बघायचे, पण काय हात आहेत! भरतकाम करावं तशी दाढ साफ करतो. आणि जे येत नाही ते बघून घ्यावं एवढी अक्कल पोरीला होती. न बघता कोरलं असतं, तर तू पळाली नसतीस, किंचाळली असतीस.

पहिल्या खेपेला सगळं नीट झालं, कारण सर शेजारी उभे राहून तुझी जीभ आरशाने बाजूला धरत होते. दुसऱ्या खेपेला ती एकटी. तुझी जीभ आली आडवी, ती गेली फोन बघायला, आणि त्या व्हिडिओत जिभेचं काही नव्हतंच. कारण ते सगळं काम प्लॅस्टिकच्या डोक्यावर केलेलं. रबराचे गाल, ओळीत दात, आत लाळ नाही, जीभ नाही. घरी येऊन रडता रडता मला म्हणाली, “आजी, व्हिडिओतल्या तोंडाला जीभच नव्हती गं. मावशीआजीला फार आहे.”

(हसू नकोस, सिमेंट निघेल.)

मग मी विचार केला. मलाही सासूबाईंनी काही शिकवलं नाही, मागे उभं राहून बघूनच शिकले. पण मी त्यांना बघत होते तशा त्याही मला बघत होत्या, आणि चुकलं की हातावर फटका बसायचा. व्हिडिओ आपल्याला दिसतो, आपण त्याला दिसत नाही. शेवटी तो सगळ्यांनाच छान म्हणतो, मध्येच झोप लागली त्यालासुद्धा. तेव्हा फटक्याचं काम मी घेतलं. माझ्या तोंडात दात एक नाही, पण जीभ शाबूत आहे (तुझे यजमान साक्षीला आहेत). खिडकीपाशी खुर्ची ओढली, आ केला, म्हटलं, धर. आणि तोंड उघडं ठेवून सगळ्या भाऊबंदांचा उद्धार करायला लागले, म्हणजे जीभ एका जागी राहणार नाही. पहिल्यांदा तिने आरसा असा खुपसला की मला उमासे आले. दिला फटका. मग हळूहळू तिला समजलं, ढकलायचं नाही, आरसा अलगद टेकवायचा, जीभ आपणहून दमेपर्यंत थांबायचं, आणि पुढे काय करणार ते आधी सांगायचं. शेवटी एक दिवस मी बोलता बोलता चक्क गप्प झाले. काय झालं म्हणून सून स्वयंपाकघरातून धावत आली.

बाकी सर्व ठीक. थोरांना नमस्कार, लहानांना दटावून ठेव.

तुझी ताई

ता.क. या पत्राचं पोरीला माहीत नाही. ती म्हणते, मावशीआजी घाबरली असेल तर जबरदस्ती नको. मला हे पटत नाही. मंगळवारी सकाळी खुर्ची तुझ्या नावावर ठेवली आहे. मी शेजारी उभी राहीन, दाराच्या बाजूला.

पुन्हा ता.क. सिमेंट पडलं की तू दुसऱ्या डॉक्टरकडे धावशील. तोही असाच बघून बघून शिकलेला असणार, फक्त तुझ्यासमोर बघत नाही.

शेवटचं. ‘तिची प्रकृती बरी नाही’ असं तुझ्या यजमानांनी कळवायचं नाही. दाढ त्यांची नाही. उत्तर तूच लिहायचंस, तुझ्या हाताने. लांबलचक नको. नुसतं ‘आ’ लिही.