सात पिढ्यांची नावं

प्रिय बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. अल्माटीतली थंडी ओसरली, शाळेतली नोकरीही छान चालली आहे. कांद्याची लावणी झाली का? पाठ कशी आहे?

रविवारी दाउरेनच्या घरी गेले होते. कझाख घरांत लग्न ठरवण्याआधी विचारतात तसं त्याच्या आजोबांनी विचारलं, "पोरी, बापाकडच्या सात पिढ्या सांग."

आईने तिच्या माहेरची सात कझाख नावं पाठ करून घेतली होती. "हीच बापाकडची म्हणून सांग, कोरियन बापाचं नाव काढू नकोस," म्हणाली होती. तिच्यावर रागावू नका. पण मला खोटं बोलवेना. तुमचं नाव घेतलं, आजोबांचं घेतलं आणि थांबले.

"दोनच? अगं, आमच्या घोडीच्यासुद्धा याहून जास्त पिढ्या ठाऊक आहेत!" दाउरेनचे आजोबा म्हणाले.

सगळे हसले. दाउरेनही हसला.

मी म्हटलं, "माझे आजोबा लहान असताना सोव्हिएत सरकारने रशियाच्या पूर्व टोकाकडच्या कोरियन लोकांना आगगाडीत कोंबून इथे आणलं. आजोबांचे आईवडील वाटेतच गेले. रुळांशेजारी पुरले. नावं सांगायला कोणी उरलं नाही."

मग कोणी हसलं नाही. दाउरेनच्या आईने माझा चहाचा वाडगा काठोकाठ भरला. पाहुण्याने आता उठावं, याची ती खूण. मी उठले.

आईला एवढंच सांगा, की मी बरी आहे. मला मुलं झाली, तर ती त्या गाडीतून एकट्याने उतरलेल्या पोरापासून पिढ्या मोजतील.

तुमचीच,
लीरा