कात्रीचा खिळा

प्रिय ताई,

कात्री माझी होती, तर राग माझ्यावर काढायचा. त्यासाठी शिक्षण कशाला सोडतेस? मी चिडलोय. तुझ्या फोनमधली बाई हे पत्रसुद्धा तिच्या लाडिक आवाजातच वाचणार, तुला राग ऐकू यायचा नाही, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

ऑनलाइन वर्गात मॅडमनी आकृती दाखवली आणि म्हणाल्या, ही रेघ बघा, इथून इथे येते. बघणाऱ्यांनी बघितली. तुझा फोन 'चित्र' एवढंच म्हणून गप्प बसला. तू ती मला पाठवलीस. मी जेवणाच्या सुट्टीत, कटिंग टेबलाशेजारी कापडाच्या गठ्ठ्यावर बसून, सहावी नापासाच्या अकलेने तुला सांगितलं: एक रेघ मागणीची, एक पुरवठ्याची, टेबलावर उघडी कात्री ठेवल्यासारखी, खिळा असतो तिथे भाव ठरतो. तू परीक्षेत जसंच्या तसं लिहिलंस. तपासणाऱ्याला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. त्या प्रश्नाला भोपळा मिळाला, आणि तू फोनवर म्हणालीस, भावाच्या जिवावर शिकायचं नाही मला, दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरणार नाही.

ते लागलं गं. लहानपणी तुझी पुस्तकं तुला वाचून दाखवायला मी शाळा बुडवायचो, तुझ्यासाठी कमी आणि शाळेच्या कंटाळ्याने जास्त. अवघड शब्द आला की गुपचूप गाळायचो. तू बरोब्बर ओळखायचीस आणि धपाटा घालायचीस. माझं जे काय शिक्षण झालं, ते त्या धपाट्यांतच. मग कोण कुणाच्या जिवावर?

म्हणून तुला न विचारता मी मॅडमना निरोप पाठवला, की कात्री माझी आहे, मुलगी हुशार आहे. ओरडा खायच्या तयारीत होतो. त्यांचा फोन आला. आधी खूप हसल्या, मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. इथून इथे म्हणताना मी कुणाशी बोलतेय, हा विचारच केला नव्हता." तुझा पेपर त्यांनी पुन्हा तपासून घेतला, त्या प्रश्नाचे पूर्ण गुण मिळालेत. तुझ्यासारखं ज्यांना दिसत नाही असे आणखी दोघं वर्गात आहेत म्हणे, आणि एकाला ऐकू येत नाही. त्याच्यासाठी आता मॅडमचं बोलणं पडद्यावर खाली लिहून येणार.

खरी बातमी पुढेच आहे. दुसऱ्या वर्षाच्या सगळ्या आकृत्या मी शब्दांत लिहायच्या, मॅडमनी तपासायच्या, मग सगळ्यांचे फोन ते वाचून दाखवणार. तीन रविवार मी खोलीतून हललो नाही. एरवी मी रविवारी खोलीवर सापडत नाही, म्हणून खोलीतल्या सोबत्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. एका रेघेला मी पॅन्टच्या बसायच्या भागाची गोलाई म्हटलं, तेवढं मॅडमनी काढायला लावलं. या कामाचे विद्यापीठाने पैसे दिलेत. त्यात अर्धा वाटा तुझा: कात्री माझी असली, तरी पेपरात लिहायची छाती तुझी होती. फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार आहे.

तुझाच, सध्या एका जागी बसलेला,
भिंगऱ्या

ता. क. तुझा वाटा आजच पाठवलाय. तो नेमका फीएवढाच निघाला, मी त्यात काही केलेलं नाही: चार हजार दोनशे.