काकूचा दाराएवढा फोटो

ती. दाजींस सादर नमस्कार.

ताईची कंबर आता कशी आहे? तुमचा खोकला थांबला असेलच. इकडे सगळे मजेत आहेत. मी नाही, पण माझं मी निस्तरीन.

तुम्ही विश्वासाने दिलेला कॅमेरा सुखरूप आहे. (जे झालं त्यात त्याची काही चूक नाही, हे आधीच सांगतो.) आमची काकू शिवणवर्गातून निवृत्त झाली, तेव्हा तिथल्या मुलींनी तिचा दाराएवढा फोटो भिंतीवर लावायचं ठरवलं. काकूचं आणि फोटोचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. पुढचे दात वाकडे, म्हणून जन्मभर तोंडावर हात. पण मी ‘कॅमेऱ्यातलं मला सगळं कळतं’ अशी फुशारकी मारून बसलो होतो. बघतो तर कार्डावर जेमतेम दोनशे फोटो मावणार. एवढ्या भारी कॅमेऱ्यात एवढीशी जागा? मी सेटिंगमध्ये शिरलो, फोटोचा आकार सगळ्यात लहान केला, दर्जा सगळ्यात खालचा, आणि आकडा थेट पाच हजारांवर गेला. दाजींना जे सुचलं नाही ते आपल्याला सुचलं, असंही मनात आलं. त्याची माफी मागतो.

त्या दिवशी मुलींच्या थट्टेने काकू मोकळी हसली आणि मी नेमकं ते टिपलं. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर फोटो इतका गोड दिसला की तीही बघत राहिली. मग तो दाराएवढा होऊन आला. गालांवर चौकोन, डोळ्यांच्या कडा कुरतडलेल्या, आणि दात म्हणजे उखडलेली फरशी. काकू जरा वेळ बघून म्हणाली, “असेच आहेत रे माझे. उगाच हसले.”

दाजी, तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मुली समोर, छपाईवाला समोर. मी मूग गिळून गप्प बसलो. तेव्हापासून ती घरातसुद्धा तोंड फिरवून हसते. माझी मलाच लाज वाटते. जेवण जात नाही. (जातं, पण चव लागत नाही.)

तुमचा,
खाली मान घातलेला मेहुणा

ता. क. – काकूला फोन करून ‘चूक सेटिंगची होती’ एवढं सांगाल का? ते कुणी बदललं, हे जमल्यास गाळा.

ता. क. – गाळू नका.

ता. क. – फोन राहू द्या. पाकिटासाठी डिंक मागितला, तर काकूने पत्रच ओढून घेऊन वाचलं. मला गाढव म्हणाली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, सगळे दात दाखवून. मी धावत कॅमेरा आणला, आकार मोठा केला, दर्जा वरचा केला, आणि बॅटरी संपली. चार्जर तुमच्याकडेच राहिलाय, तो तेवढा लगेच पाठवा. काकू म्हणते, तोवर हसू राखून ठेवते.