पितृपक्षात इंजिनचे तेल

चि. निकेश,

जो आपला भार मुकाट्याने वाहतो, त्याची काळजी त्याने मागण्याआधी घ्यावी, हा धर्म आहे. पितृपक्षाचे निमित्त करून तू नव्या ट्रकचे तेल बदलणे लांबवलेस. ते नवे कार्य नव्हे, सेवा आहे. तिला बाधा नाही. मीटरवर किलोमीटर कमी असले, तरी चिखल्याच्या मँगनीज खाणीत माल भरायच्या रांगेत इंजिन तासन्‌तास चालूच असते. किलोमीटर असोत वा तास, ज्याची मर्यादा आधी भरेल, त्यानुसार तेल बदलावे.

हे सूनबाईला, मेघाला सांगितले, तर ती म्हणाली, "गाडीचं जाऊ द्या, मामाजी, हे तरी कुठं धड झोपून राह्यले?"

म्हणून ट्रकची चावी सोबत घेऊन मी मिस्त्रीला आणायला तुमसरला जात आहे. रागावू नकोस, निजून राहा. तुम्हा दोघांना आणि त्या गाडीला दीर्घायुष्य लाभो.

— बाबा